हार्ड डिस्कविना, नेटवर्कवरून सुरू होणारा घरचा मीडिया पीसी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टीव्हीखालचा संगणक स्वतःची डिस्क न बसवता घरच्या नेटवर्कवरून सुरू करता येतो, हे कळल्यावर वाचकांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. उत्तरे माझ्या घरच्या मांडणीवर बेतलेली आहेत. आतल्या खोलीत डेबियन लिनक्सवर चालणारा जुना डेस्कटॉप हा सर्व्हर आहे, हॉलमध्ये कोडी हा चित्रपट-संगीताचा प्रोग्राम चालवणारा, पंखा नसलेला छोटा पीसी हा क्लायंट, म्हणजे सर्व्हरकडून सेवा घेणारा संगणक, आहे आणि दोघांमध्ये गिगाबिट लॅन आहे. सर्व्हरचा पत्ता १९२.१६८.१.१० आहे असे धरून पुढे लिहिले आहे.

१. डिस्कच नसेल तर संगणक सुरू कसा होतो?

प्रणाली जशी डिस्कवरून मेमरीत येते, तशीच ती लॅनच्या केबलमधूनही येऊ शकते. बटण दाबल्यावर नेटवर्क कार्डातला छोटा प्रोग्राम जागा होतो आणि डीएचसीपीच्या, म्हणजे यंत्रांना पत्ते वाटणाऱ्या व्यवस्थेच्या, मार्गाने नेटवर्कवर विचारतो, ‘माझा पत्ता कोणता आणि मी कोणती फाइल आणू?’ उत्तर मिळाले की टीएफटीपी या अगदी साध्या पद्धतीने तो बूटलोडर, म्हणजे प्रणाली सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम, उतरवून घेतो. बूटलोडर कर्नल (प्रणालीचा गाभा) आणि इनिट-रॅम-एफएस (सुरुवातीपुरती मेमरीत राहणारी छोटी प्रणाली) आणतो, आणि कर्नल जागा झाल्यावर सर्व्हरवरचे एक फोल्डर एनएफएसने, म्हणजे नेटवर्कवरून फोल्डर वाटण्याच्या पद्धतीने, जोडून त्यालाच आपले मूळ फोल्डर, म्हणजे रूट, मानतो. तिथून पुढे सगळे नेहमीच्या लिनक्ससारखेच चालते.

या सुरुवातीच्या देवघेवीच्या पद्धतीला पीएक्सई म्हणतात. ती इंटेलने ठरवली, आणि तिची २.१ ही आवृत्ती १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली. कल्पना मात्र त्याहून जुनी आहे. सन कंपनीची डिस्क नसलेली वर्कस्टेशने १९८० च्या दशकातच एनएफएसवर चालत होती.

२. आता एसएसडी इतकी स्वस्त आहे, मग एवढा खटाटोप कशासाठी?

प्रश्न रास्त आहे. पूर्वी याचे पहिले उत्तर ‘हार्ड डिस्कचा आवाज नको’ असे असे. एसएसडी आवाज करत नाही, त्यामुळे ते कारण आता उरलेले नाही, आणि पैशांची बचतही फारशी होत नाही.

माझ्या घरी कारण वेगळे आहे. माझी आई रात्री झोपण्यापूर्वी हॉलमधली सगळी बटणे भिंतीवरून बंद करते. ही तिची आयुष्यभराची सवय आहे आणि माझ्या संगणकासाठी तिने ती बदलावी असे मला वाटत नाही. एसएसडीवरचा पीसी असा वर्षभर रोज अचानक बंद होत राहिला, आणि एके दिवशी टीव्हीवर कोडीऐवजी फाइल प्रणाली तपासण्याचा काळा पडदा येऊन थांबला. आता त्या पेटीत हरवण्यासारखे काहीच नाही. कोणीही, कधीही, कसेही बटण बंद केले तरी दुसऱ्या दिवशी ती जशीच्या तशी उभी राहते.

दुसरे कारण देखभालीचे. अपडेट, बॅकअप, दुरुस्ती हे सगळे आतल्या खोलीतल्या एका यंत्रावर होते, आणि हॉलमधली पेटी बिघडली तर तिच्या जागी दुसरी ठेवून काम पुढे चालू राहते.

मात्र घरात चोवीस तास चालू राहणारा सर्व्हर आधीपासून नसेल, तर केवळ यासाठी तो उभारू नये. त्यापेक्षा छोटी एसएसडी बसवणे केव्हाही बरे.

३. सामान काय लागेल?

सर्व्हर म्हणून लिनक्स चालू शकेल असा कोणताही संगणक चालतो, कारण एका क्लायंटचा भार नगण्य असतो. क्लायंटमध्ये केबलचे लॅन पोर्ट, पीएक्सईची सोय आणि शक्यतो ४ जीबी रॅम असावी. क्लायंटच्या बायोसमध्ये, म्हणजे यंत्र सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये, ही सोय ‘नेटवर्क स्टॅक’, ‘लॅन बूट रॉम’ किंवा ‘पीएक्सई’ अशा नावाखाली सापडते आणि बहुधा ती मुळात बंद असते. याशिवाय गिगाबिट स्विच आणि चांगली केबल हवी. जुन्या केबलच्या आठपैकी एखादी तार तुटलेली असली तर जोडणी गिगाबिटऐवजी १०० एमबीपीएसवर येते. हे सहज लक्षात येत नाही, म्हणून आधीच पाहून घ्यावे.

४. हॉलपर्यंत केबल नाही. वाय-फायवरून बूट होईल का?

सरळ मार्गाने होत नाही, कारण पीएक्सई केबलच्या कार्डासाठी आहे, आणि वाय-फायचा पासवर्ड देऊन जोडणी करण्याचे काम प्रणाली सुरू झाल्यानंतरचे असते. एखादा जादा राउटर क्लायंट मोडमध्ये ठेवून त्याच्या लॅन पोर्टला पीसी जोडला, तर पीसीला ते केबलचेच नेटवर्क दिसते आणि बूटही होतो. तरीही मी हा मार्ग सुचवत नाही. वाय-फाय क्षणभर तुटले तर साध्या पीसीवर व्हिडिओ अडखळतो. येथे प्रणालीचे रूटच नेटवर्कच्या पलीकडे असल्यामुळे पूर्ण संगणक थबकतो. भिंतीच्या कडेने पट्टी मारून केबल न्यावी. एका दिवसाचे काम आहे.

५. माझा स्विच १०० एमबीपीएसचाच आहे. चित्रपट अडखळेल का?

डीव्हीडीचा प्रवाह जास्तीत जास्त सुमारे १० एमबीपीएस असतो, ब्ल्यू-रेचा ५४ एमबीपीएस, तर ४के ब्ल्यू-रेचा १२८ एमबीपीएसपर्यंत जाऊ शकतो. म्हणजे साध्या ब्ल्यू-रेपर्यंत १०० एमबीपीएस पुरते, ४के च्या मूळ प्रतीला पुरत नाही. बूटच्या वेळी फरक अधिक जाणवतो. ५०० एमबी उतरवायला गिगाबिटवर सुमारे पाच सेकंद लागतात, तर १०० एमबीपीएसवर पाऊण मिनिट. गिगाबिट स्विच आता महाग राहिलेला नाही, तो घ्यावा.

६. राउटर इंटरनेट कंपनीने दिलेला आहे आणि त्यात बूट फाइलची सेटिंगच नाही. आता काय करावे?

सर्वांत जास्त वेळा येणारा प्रश्न हाच आहे, आणि बहुतेकांचा उत्साह येथेच मावळतो. तसे व्हायचे कारण नाही.

डीएचसीपीत बूटसाठी दोन रकाने असतात. ६६ क्रमांकाचा रकाना सर्व्हरचे नाव सांगतो आणि ६७ क्रमांकाचा फाइलचे. घरगुती राउटर बहुधा हे रकाने भरू देत नाहीत. काही जण मग राउटरचे डीएचसीपी बंद करून ते काम सर्व्हरकडे देतात. ते चालते, पण सर्व्हर बंद पडला की घरातल्या सगळ्यांचे फोनही इंटरनेटवरून जातात, आणि घरच्यांचा विश्वास एकदा गेला की परत मिळवणे अवघड असते.

यासाठी प्रॉक्सी डीएचसीपी ही पद्धत आहे. पत्ते वाटण्याचे काम राउटरच करतो. सर्व्हरवरचा डीएनएसमास्क हा प्रोग्राम शेजारी बसून फक्त पीएक्सईची विचारणा ऐकतो आणि ‘ही फाइल घे’ एवढेच सांगतो. क्लायंट दोन्ही उत्तरे एकत्र करून पुढे जातो. डीएनएसमास्कच्या सेटिंगमध्ये घरच्या नेटवर्कचा पल्ला लिहून त्यापुढे ‘प्रॉक्सी’ हा शब्द घालावा, त्याचाच टीएफटीपी सर्व्हर सुरू करावा आणि डीएनएसचे (नावांवरून पत्ते शोधण्याचे) पोर्ट शून्य करून ते काम बंद ठेवावे. राउटरला हातही लावावा लागत नाही. फक्त प्रश्न १४ मध्ये सांगितलेली पत्ता राखण्याची एक गोष्ट तेवढी राउटरमध्ये करावी.

येथे एक बारकावा आहे. जुन्या बायोसच्या यंत्राला एक बूटलोडर लागतो आणि बायोसची जागा घेणाऱ्या यूईएफआयच्या यंत्राला दुसरा. क्लायंट आपला प्रकार ९३ क्रमांकाच्या रकान्यातून कळवतो. त्यात ० असेल तर बायोस, ७ असेल तर ६४ बिटांचे यूईएफआय. डीएनएसमास्कमध्ये दोन्हींसाठी स्वतंत्र ओळ लिहावी.

७. सगळी उभारणी कोणत्या क्रमाने करावी?

आधी सर्व्हरचा पत्ता कायमचा ठरवावा. मग सर्व्हरवर एका फोल्डरमध्ये डीबूटस्ट्रॅप या साधनाने डेबियनची कोरी प्रणाली उतरवावी. चूरूट करून, म्हणजे त्या फोल्डरलाच तात्पुरते रूट मानून, आत शिरावे आणि कर्नल, कोडी, ग्राफिक्स व नेटवर्क कार्डाचे फर्मवेअर आणि एनएफएसचे क्लायंट पॅकेज बसवावे. फर्मवेअर, म्हणजे कार्डाला लागणारा त्याचा आतला प्रोग्राम, विसरू नये. रिअलटेकच्या काही कार्डांना ते इनिट-रॅम-एफएसमध्येच लागते, आणि ते नसेल तर दोष कोठे आहे हे शोधण्यात संध्याकाळ जाते.

त्यानंतर त्याच फोल्डरच्या आतून इनिट-रॅम-एफएस बनवावे. त्यात मॉड्यूल, म्हणजे हार्डवेअर चालवायला कर्नलला लागणारे तुकडे, निवडण्याचा पर्याय ‘मोस्ट’ असू द्यावा. ‘डेप’ ठेवला तर ज्या यंत्रावर काम चालू आहे त्याचे, म्हणजे सर्व्हरचे, हार्डवेअर पाहून मॉड्यूल निवडले जातात आणि क्लायंटचे नेटवर्क कार्ड वगळले जाते. तयार झालेला कर्नल आणि इनिट-रॅम-एफएस टीएफटीपीच्या फोल्डरमध्ये ठेवावेत आणि त्यांची परवानगी सर्वांना वाचता येईल अशी करावी. काही वितरणांत कर्नलची फाइल फक्त रूट या सर्वाधिकारी वापरकर्त्यालाच वाचता येते, आणि मग फाइल समोर असूनही क्लायंटला ती मिळत नाही.

आता एनएफएसची पाळी. प्रणालीचे फोल्डर फक्त वाचण्यासाठी आणि ‘नो रूट स्क्वॅश’ हा पर्याय देऊन वाटावे, कारण तो नसेल तर क्लायंटच्या रूट वापरकर्त्याला सर्व्हर परका समजतो आणि प्रणालीच्या कित्येक फाइली त्याला वाचताच येत नाहीत. चित्रपट-संगीताचे फोल्डर वेगळे वाटावे, तेही फक्त वाचण्यासाठी. शेवटी बूटलोडरच्या मेनूत कर्नलची ओळ लिहावी. तिच्यात तीन गोष्टी लागतात: रूट एनएफएसवर आहे, ते १९२.१६८.१.१० वरच्या अमुक फोल्डरात आहे, आणि स्वतःचा पत्ता डीएचसीपीने घ्यायचा आहे.

उभारणी या क्रमाने करावी, पण तपासणी उलट क्रमाने. आधी एखाद्या लॅपटॉपवर एनएफएसचे फोल्डर जोडून पाहावे. ते जमले की लॅपटॉपवरूनच टीएफटीपीने कर्नलची फाइल ओढून पाहावी. दोन्ही साधल्यावरच क्लायंटचे बटण दाबावे. मी पहिल्या वेळी उलट केले, आणि टीव्हीच्या पडद्यावर क्षणभर चमकून जाणाऱ्या ओळींचे फोनने व्हिडिओ काढून त्या थांबवून थांबवून वाचत बसलो.

८. प्रणाली लिहिण्याजोगी ठेवावी की फक्त वाचण्याजोगी?

फक्त वाचण्याजोगी. प्रश्न २ मधला सारा लाभ यावरच अवलंबून आहे. पण लिनक्सला चालताना नोंदी, तात्पुरत्या फाइली, कुलूप फाइली असे काहीबाही लिहावेच लागते. त्यासाठी वाचण्याजोग्या रूटवर मेमरीतला एक थर पसरायचा असतो. हे काम कर्नलमधले ओव्हरलेएफएस करते, आणि ते कर्नलच्या ३.१८ या आवृत्तीपासून मुळातच उपलब्ध आहे. लिहिलेले सगळे वरच्या थरात जाते आणि वीज गेली की तो थर विरतो.

काही जण वरचा थरही एनएफएसवर ठेवू पाहतात, म्हणजे बदल टिकतील. तसे करू नये. ओव्हरलेएफएसला वरच्या थराकडून ज्या सोयी लागतात, त्या एनएफएस पुरवत नाही. जे टिकायला हवे ते वेगळ्या फोल्डरात ठेवावे, प्रश्न ९ पाहावा.

९. मग कुठला भाग कुठवर पाहिला, ही नोंद रोज पुसली जाणार का?

नाही. कोडीच्या माहितीचे फोल्डर तेवढे वेगळे, लिहिण्याजोगे वाटून क्लायंटवर जोडावे. एकच क्लायंट असेल तर एवढ्यावर भागते.

कोडी आपली लायब्ररी, म्हणजे चित्रपटांची यादी आणि पाहिल्याच्या नोंदी, मुळात एसक्यूलाइटच्या डेटाबेस फाइलींत ठेवते, आणि एनएफएसवर दोन यंत्रांनी एकाच वेळी अशी फाइल उघडली तर ती बिघडण्याचा धोका असतो. म्हणून दोन पेट्या असतील तर सर्व्हरवर मारियाडीबी हा डेटाबेस बसवून कोडीला त्याच्याकडे वळवावे. ही सोय कोडीतच आहे. तिचा एक सुखद परिणाम असा की हॉलमध्ये अर्धवट थांबवलेला चित्रपट झोपण्याच्या खोलीत तिथूनच पुढे सुरू करता येतो. लघुचित्रांचे फोल्डर मात्र प्रत्येक पेटीचे वेगळेच राहू द्यावे.

१०. हे सगळे हाताने करायचे नसेल तर तयार काही मिळते का?

मिळते, आणि नवख्यांनी तिथूनच सुरुवात करावी असे माझे मत आहे. लिब्रेएलेक ही केवळ कोडीसाठी बनवलेली प्रणाली २०१६ मध्ये ओपनएलेकपासून वेगळी झाली. तिच्यात कर्नल ही एक फाइल असते आणि बाकी सारी प्रणाली दाबून बसवलेली दुसरी फाइल. कर्नलच्या ओळीत या फाइलींचा आणि साठवणीच्या फोल्डराचा एनएफएसवरचा ठावठिकाणा लिहिला की काम झाले. मूळ प्रणाली वाचण्याजोगीच असल्यामुळे प्रश्न ८ उद्भवत नाही.

दुसरा पर्याय एलटीएसपीचा. शाळांच्या संगणक कक्षांसाठी १९९९ मध्ये सुरू झालेला हा प्रकल्प आजही चालू आहे, आणि प्रणालीची दाबलेली प्रतिमा बनवणे, ती वाटणे, वर मेमरीचा थर चढवणे ही कामे तो स्वतःच करतो. एका टीव्हीसाठी तो थोडा मोठा पडतो. तीन-चार यंत्रे असतील तर मात्र त्याच्याइतके सोयीचे दुसरे काही नाही.

११. रास्पबेरी पाय अशी सुरू होते का?

होते, पण एका छोट्या बोर्डावरच्या या संगणकाची रीत पीसीपेक्षा वेगळी आहे. मूळ पाय ३ मध्ये नेटवर्क बूटची खूण एकदा कायमची चिपमध्ये उमटवावी लागते आणि ती पुसता येत नाही. पाय ३ बी प्लसमध्ये ती आधीच असते. पाय ४ मध्ये बूटचा क्रम ईईपीरॉम या बोर्डावरच्या छोट्या मेमरीत एका आकड्याने लिहिलेला असतो आणि तो उजवीकडून डावीकडे वाचला जातो. त्यात १ म्हणजे एसडी कार्ड, २ म्हणजे नेटवर्क आणि शेवटचे एफ म्हणजे पुन्हा पहिल्यापासून.

पायला तिच्या ओळखीचा मजकूर डीएचसीपीच्या ४३ क्रमांकाच्या रकान्यात हवा असतो. डीएनएसमास्कमध्ये तिच्यासाठीची ओळ ‘रास्पबेरी पाय बूट’ या इंग्रजी शब्दांनी लिहावी आणि शब्द तंतोतंत असू द्यावेत. टीएफटीपीवर ती आधी स्वतःच्या अनुक्रमांकाच्या नावाचे फोल्डर शोधते, त्यामुळे दोन पायना दोन वेगळ्या प्रणाली देणे फार सोपे जाते. मूळ पाय ३ चे लॅन १०० एमबीपीएसचे आहे, म्हणून प्रश्न ५ चे उत्तर तिला लागू होते. पाय ४ चे लॅन पूर्ण गिगाबिट आहे.

१२. पडद्यावर ‘पीएक्सई-ई५३’ असे काहीतरी येऊन थांबते. याचा अर्थ काय?

हे आकडे खरोखर उपयोगी आहेत, कारण गाडी कोणत्या स्थानकावर अडली ते यांवरून कळते. ई६१ म्हणजे केबलच जोडलेली नाही किंवा खराब आहे. ई५१ म्हणजे डीएचसीपीचे कोणतेच उत्तर आले नाही, अशा वेळी राउटर आणि स्विच पाहावेत. ई५३ म्हणजे पत्ता मिळाला पण फाइलचे नाव मिळाले नाही, म्हणजे डीएनएसमास्क चालू नाही किंवा प्रश्न ६ मधली यंत्रप्रकाराची ओळ राहिली आहे. ई५५ म्हणजे प्रॉक्सीने ४०११ या पोर्टवर उत्तर दिले नाही, येथे संशय सर्व्हरच्या फायरवॉलवर घ्यावा. ई३२ म्हणजे टीएफटीपीकडून प्रतिसाद नाही, आणि टी०१ म्हणजे त्या नावाची फाइल नाही. फाइलच्या नावात लहान-मोठ्या लिपीचा फरक लिनक्स मानतो, हे टी०१ दिसताच आठवावे. यूईएफआयच्या यंत्रांवर ई५१ च्या जागी बहुधा ई१६ दिसतो.

फायरवॉल असेल तर यूडीपीची ६७, ६९ आणि ४०११ ही पोर्टे उघडावीत. टीएफटीपी फाइल पाठवताना दरवेळी नवे पोर्ट घेते, त्यामुळे घरच्या नेटवर्कमधून येणारी सगळीच वाहतूक मोकळी ठेवणे सोपे पडते.

सेटिंग करता येणारा मॅनेज्ड स्विच वापरत असाल तर आणखी एक कारण संभवते. स्पॅनिंग ट्री, म्हणजे केबलांचे वेटोळे झाले नाही ना हे तपासण्याची सोय, चालू असेल तर पोर्ट जागे झाल्यावर सुमारे ३० सेकंद काहीच पुढे जाऊ देत नाही, आणि तेवढ्यात काही कार्डे नाद सोडतात. त्या पोर्टवर पोर्टफास्ट किंवा एज हा पर्याय चालू करावा.

१३. कर्नल येतो, ओळी धावतात, पण रूट जोडताना अडकतो.

तीन कारणे नेहमीची आहेत. पहिले, इनिट-रॅम-एफएसमध्ये नेटवर्क कार्डाचे मॉड्यूल किंवा फर्मवेअर नाही, ते प्रश्न ७ मध्ये आले आहे. दुसरे, एनएफएसची आवृत्ती. डेबियनच्या पुष्कळ आवृत्त्यांतील इनिट-रॅम-एफएसमधल्या एनएफएस जोडणाऱ्या छोट्या प्रोग्रामला आवृत्ती ४ समजत नाही, म्हणून सर्व्हरवर आवृत्ती ३ चालू ठेवावी. तिसरे, वाटलेल्या फोल्डराचा मार्ग आणि कर्नलच्या ओळीतला मार्ग यांत एखाद्या अक्षराचा फरक असतो. सर्व्हरच्या नोंदी वाचल्या की नाकारलेली मागणी तिथे स्पष्ट दिसते.

१४. सगळे छान चालते, पण काही तासांनी चित्र गोठते आणि काहीच हलत नाही. असे का?

हा दोष मी स्वतः तीन आठवडे शोधत होतो. घरी पाहुणे आले की चित्रपट मध्येच थांबे, आणि एरवी दिवसेंदिवस काही होत नसे. मी केबल बदलली, स्विच बदलला, पीसी तापतो का ते पाहिले.

कारण डीएचसीपीत होते. राउटर पत्ता ठरावीक मुदतीपुरता देतो, आणि मुदत संपण्यापूर्वी यंत्राने तो नव्याने मागून घ्यायचा असतो. बूटच्या वेळी कर्नल किंवा इनिट-रॅम-एफएस पत्ता घेते ते एकदाच, आणि पुढे तो नव्याने मागणारे कोणी नसते. मुदत संपली की राउटरच्या लेखी तो पत्ता मोकळा होतो. पाहुण्यांच्या फोनला तोच पत्ता मिळाला की एका पत्त्याचे दोन धनी होतात, आणि ज्याचे रूट नेटवर्कवर आहे ते यंत्र जागच्या जागी थिजते.

उपाय एका मिनिटाचा आहे. राउटरमध्ये क्लायंटच्या मॅक पत्त्यासाठी (नेटवर्क कार्डाच्या स्वतःच्या क्रमांकासाठी) एक आयपी पत्ता कायमचा राखून ठेवावा. ही सोय घरगुती राउटरमध्ये बहुधा असते. नसेल, तर राउटर जो पल्ला वाटतो त्याच्या बाहेरचा पत्ता कर्नलच्या ओळीतच लिहून द्यावा.

दुसरे कारण नेटवर्क मॅनेजरचे, म्हणजे लिनक्समधली नेटवर्कची जोडणी सांभाळणाऱ्या प्रोग्रामचे. प्रणाली सुरू झाल्यावर तो कार्ड नव्याने जुळवायला घेतो, त्यासाठी क्षणभर ते बंद करतो आणि ज्या फांदीवर बसला आहे तीच तोडतो. हे बहुधा सुरुवातीच्या मिनिटातच घडते. ते कार्ड त्याच्या ताब्याबाहेर ठेवावे.

१५. अपडेट कसे करावे?

क्लायंट बंद असताना सर्व्हरवर चूरूट करून. चालू क्लायंटच्या पायाखालची फाइल बदलली तर ‘स्टेल फाइल हँडल’ अशा तक्रारी येतात. अपडेटच्या आधी पूर्ण फोल्डरची तारीख घातलेली प्रत काढावी आणि मेनूत जुन्या प्रतीचीही एक ओळ ठेवावी, म्हणजे शनिवारी संध्याकाळी काही बिघडले तरी घरच्यांचा चित्रपट चुकत नाही.

कर्नल बदलला असेल तर नवा कर्नल आणि नवे इनिट-रॅम-एफएस टीएफटीपीच्या फोल्डरात न्यायला विसरू नये. कर्नल जुना आणि मॉड्यूल नवे असे झाले की पीसी सुरू होतो, चित्रही दिसते, पण आवाज येत नाही किंवा रिमोट चालत नाही, आणि माणूस भलतीकडेच शोधत राहतो.

१६. वीज गेली तर?

फक्त हॉलमधली वीज गेली तर काहीच बिघडत नाही. घराची वीज जाते तेव्हा सर्व्हर, स्विच आणि राउटर हे तिन्ही इन्व्हर्टरवर हवेत. स्विच नेहमी विसरला जातो. घरगुती इन्व्हर्टरवर यूपीएस मोडचे बटण असेल तर ते चालू ठेवावे, नाही तर वीज जाऊन इन्व्हर्टर सुरू होईपर्यंतच्या क्षणात सर्व्हर पुन्हा सुरू होऊ शकतो.

तसे झाले तरी घाबरू नये. एनएफएस ‘हार्ड’ पद्धतीने जोडलेले असेल तर क्लायंट सर्व्हरची वाट पाहत थांबतो आणि तो परतला की जिथे होता तिथून पुढे चालू लागतो. अडचण दोघांनाही एकदम वीज मिळते तेव्हा येते. पीएक्सई ४, ८, १६ आणि ३२ सेकंद अशी एकूण मिनिटभर वाट पाहते, आणि जुना सर्व्हर तेवढ्यात उभा राहत नाही. क्लायंटच्या बायोसमध्ये बूटचा पुन्हा पुन्हा प्रयत्न करण्याचा पर्याय असेल तर तो चालू करावा.

१७. सिक्युअर बूट बंद करावेच लागते का?

नेहमी नाही. सिक्युअर बूट म्हणजे स्वाक्षरी असलेलेच प्रोग्राम सुरू होऊ देणारी सोय. डेबियनचे स्वाक्षरी केलेले शिम आणि ग्रब हे बूटलोडर टीएफटीपीवर ठेवून क्लायंटला आधी शिम दिले, तर सिक्युअर बूट चालू ठेवूनही काम होते. स्वतः बांधलेले आयपीएक्सई (नेटवर्क बूटचा आणखी एक बूटलोडर) द्यायचे असेल तर मात्र त्यावर स्वाक्षरी नसते, आणि अशा वेळी सिक्युअर बूट बंद करावे.

१८. विंडोज असे चालवता येईल का?

एनएफएसच्या रूटवर नाही. त्यासाठी आयस्कझी लागते, ज्यात सर्व्हर फोल्डरऐवजी पूर्ण डिस्कच नेटवर्कवरून देतो आणि आयपीएक्सई ती क्लायंटला जोडून देते. ही डिस्क लिहिण्याजोगी आणि एकाच यंत्राची असते, त्यामुळे अचानक वीज गेल्यास स्थानिक डिस्कचे सगळे धोके तिलाही असतात. टीव्हीसाठी हा मार्ग मी घेणार नाही.

१९. दोन टीव्हींना एकच प्रणाली देता येईल का?

हो, आणि तीच खरी मजा आहे. फक्त प्रणालीच्या फोल्डरातली मशीन-आयडीची फाइल रिकामी ठेवावी, म्हणजे प्रत्येक पेटी सुरू होताना आपली नवी ओळख बनवते. ती भरलेली राहिली तर दोन्ही पेट्या डीएचसीपीला एकच ओळख सांगू शकतात, त्यांना एकच पत्ता मिळतो आणि प्रश्न १४ मधला गोठण्याचा प्रकार घरातल्या घरात घडतो. यंत्राचे नावही डीएचसीपीकडून घ्यावे. लायब्ररीविषयी प्रश्न ९ पाहावा.

२०. यात सुरक्षिततेचा काही धोका आहे का?

आहे. टीएफटीपी कोणालाही पासवर्ड विचारत नाही आणि एनएफएसची साधी मांडणी पत्त्यावर विश्वास ठेवते, म्हणजे घरच्या नेटवर्कवर आलेला कोणीही प्रणालीचे फोल्डर वाचू शकतो. म्हणून त्या फोल्डरात बँकेचे, ईमेलचे किंवा वाय-फायचे पासवर्ड ठेवू नयेत. एनएफएसची वाटणी राखून ठेवलेल्या त्या एका पत्त्यापुरतीच करावी. पाहुण्यांना राउटरचे वेगळे गेस्ट नेटवर्क द्यावे आणि कुटुंबाची छायाचित्रे या सर्व्हरवर असतील तर ती वेगळ्या वाटणीत ठेवावीत.

२१. बंद करताना पीसी ‘सर्व्हर प्रतिसाद देत नाही’ असे म्हणत मिनिटेच्या मिनिटे अडकतो. काय करावे?

बंद होताना नेटवर्क आधी उतरते आणि रूट नंतर, त्यामुळे शेवटच्या पायऱ्यांच्या फाइली मिळेनाशा होतात. नेटवर्क उतरवणारी सेवा त्या कार्डाला हात लावणार नाही अशी व्यवस्था प्रश्न १४ प्रमाणे केली की बहुतेकांचा हा त्रास थांबतो. तरीही अडकत असेल आणि प्रश्न ८ प्रमाणे रूट वाचण्याजोगे असेल, तर कोडी बंद करून, कोडीच्या माहितीचे फोल्डर सोडवून, भिंतीवरचे बटण खुशाल बंद करावे.